बसमध्ये आधी किती होती?

शाळेच्या जिन्याखाली एक खोली होती. आधी तिथे झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या ठेवायचे. मग झाडू-बादल्या हलल्या आणि उदाहरणबाई आल्या. खुर्च्या मात्र तिथेच राहिल्या. बाईंना स्वतःचं चांगलं नाव होतं, पण मुलांनी ठेवलेलं नाव एकदा चिकटलं की चिकटलंच. तिसरी-चौथीतली काही मुलं पाढे धडाधडा म्हणतात, हातचा धरून बेरीज करतात, पण तीच बेरीज माणसांच्या तोंडी घालून कागदावर लिहिली की त्यांची दातखीळ बसते. अशी मुलं या खोलीत पाठवायची. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते शोधायचं, हे बाईंचं काम.

बाईंची रीत साधी होती, आणि शाळेतल्या बाकीच्यांच्या मते चक्रमपणाची. त्या फळ्यावर उदाहरण लिहायच्या आणि आकड्यांवर कागदाचे तुकडे चिकटवायच्या. 'टोपलीत काही लिंबं होती. त्यातली काही सडली.' मग मुलाला विचारायचं, काय झालं ते सांग. आकडे दिसेनात म्हणून पोरं कासावीस व्हायची. आकडा दिसला की तुटून पडायचं, दुसरा दिसला की त्याला पहिल्यात मिसळायचं, एवढंच त्यांना ठाऊक. एकाने सडकी लिंबं चांगल्या लिंबांत मिळवून मोठ्या ऐटीत उत्तर काढलं होतं. "वा! आता याचं सरबत तूच पी," बाई म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तोंडाने बाई तिखट होत्या, पण त्यांच्या खोलीतून रडत बाहेर गेलेलं मूल कोणी पाहिलं नव्हतं.

तर या खोलीत एके दिवशी मुंगी आली. हेही मुलांनीच ठेवलेलं नाव. तिसरीतली, हाडकुळी, आणि चालण्या-बोलण्यात, लिहिण्या-वाचण्यात सगळ्यांच्या मागे. वर्गात सगळ्यांच्या वह्या मिटल्या तरी हिचं तारीख लिहिणं चाललेलं. पहिले कितीतरी दिवस ती बाईंसमोर तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. बाईंनी फुग्यांचं उदाहरण दिलं, पक्ष्यांचं दिलं, डब्यातल्या बटणांचं दिलं. मुंगी आपली झाकलेल्या आकड्याकडे बघते आहे आणि पेन्सिलीचं टोक चावते आहे. पालथ्या घड्यावर पाणी, असं दुसरं कोणीही म्हणालं असतं. बाईंच्याही मनात आलं, खोटं कशाला बोला.

आणि मग एकदा फळ्यावर होतं, 'फुगेवाल्याकडे काही फुगे होते. वाऱ्याने काही उडाले. काही त्याने विकले.' मुंगीने डोळे मिटून घेतले. बाईंना वाटलं, पोरगी झोपली की काय! तर डोळे मिटूनच ती म्हणाली, "बाई, त्याच्याकडचे दोनदा कमी झाले."

"कशावरून गं?"

"एकदा वाऱ्याने नेले. एकदा लोकांनी नेले. वाऱ्याने पैसे नाही दिले, पण फुगे तर गेलेच ना."

बाईंनी कागदाचे तुकडे काढले, खालचे आकडे दाखवले. मुंगीने दोन वजाबाक्या केल्या, सावकाश, एकेक रेघ ओढत, आणि उत्तर काढलं. बरोबर! बाईंना इतका आनंद झाला की त्या दिवशी बस न पकडता त्या घरापर्यंत चालत गेल्या आणि वाटेत स्वतःशीच हसत होत्या. असं मूल वर्षातून एखादं भेटतं. उत्तर येणं वेगळं आणि आत काय चाललंय ते दिसणं वेगळं, आणि या पोरीला दिसत होतं. फक्त दिसायला वेळ लागत होता. एकेका उदाहरणाला तिला अर्धा तास पुरायचा नाही. बाई म्हणायच्या, लागू दे, आपल्याला कुठे गाडी पकडायची आहे?

इथेच बाई चुकल्या. गाडी पकडायची होती.

दर सत्राच्या शेवटी वरच्या कचेरीकडून चाचणी यायची. सगळी शाब्दिक उदाहरणं, प्रत्येकाखाली उत्तराची एक चौकट. कागद यंत्र तपासायचं. यंत्राला फक्त चौकटीतलं दिसतं. बाहेर तुम्ही काय खटपट केली, त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ठरलेल्या रेषेच्या खाली जे मूल जाईल त्याला पुलापलीकडच्या शाळेत हलवायचं, असा नियम होता. कचेरीने त्या शाळेला फार गोड नाव दिलं होतं. मुलं नुसतं 'पुलापलीकडे' म्हणायची आणि म्हणताना आवाज खाली आणायची. पुलापलीकडे गेलेलं मूल अलीकडे परत आलेलं कोणाच्या पाहण्यात नव्हतं.

मुंगी रेषेच्या खाली गेली.

बाईंनी तिचा कागद मागवून घेतला. मुंगीने जेवढी उदाहरणं सोडवली होती तेवढी सगळीच्या सगळी बरोबर होती. पण सोडवली होती मोजकीच. मधल्या एका उदाहरणापाशी तिचं चाक रुतलं होतं, आणि पुढच्या सगळ्या चौकटी कोऱ्या. ते उदाहरण असं: 'एका बसमध्ये पुढच्या दाराने १४ माणसे चढली आणि मागच्या दाराने ९ माणसे चढली. आता बसमध्ये एकूण किती माणसे आहेत?' चौकट रिकामी. चौकटीच्या बाहेर, समासात, बारीक अक्षरात मुंगीने लिहिलं होतं, 'बसमध्ये आधी किती होती?'

बाईंनी ते उदाहरण पुन्हा वाचलं आणि डोक्याला हात लावला. पोरीचं बरोबर होतं. आधी किती होती ते उदाहरणात सांगितलंच नव्हतं. पेपर काढणाऱ्या शहाण्याच्या मनात रिकामी बस असेल, पण कागदावर ती रिकामी करायला तो विसरला. शाळेतल्या बाकी सगळ्या मुलांनी खुशाल तेवीस लिहून टाकलं होतं, आणि सगळ्यांना गुण मिळाले होते.

बाई कागद घेऊन तडक हेडसरांकडे गेल्या. हेडसर माणूस वाईट नव्हता. थकलेला होता. चष्मा कपाळावर चढवून तो टेबलावर शोधायची त्यांना सवय होती.

"सर, या बसमध्ये आधी किती माणसं होती?"

"कुठल्या बसमध्ये?" हेडसरांनी कागद वाचला. "आधी कोणी नव्हतं असं धरायचं हो."

"का धरायचं? आणि ड्रायव्हर? तो काय खाली उतरून ढकलत होता?"

हेडसरांना हसू आलं. मग हसू गेलं. त्यांनी बाईंच्या देखत कचेरीला फोन लावला, ही त्यांची भलाई. पलीकडच्या माणसाला उदाहरण वाचून दाखवलं, मुंगीचं समासातलं वाक्यही वाचून दाखवलं. बराच वेळ ते नुसतं "हो, हो, बरोबर आहे" म्हणत राहिले. फोन ठेवला आणि म्हणाले, "उत्तर तेवीसच आहे."

"म्हणजे सगळ्या शाळेत एकच पोरगी नीट वाचते आणि तिलाच बाहेर काढायचं?"

"बाई, तुमचं खरं आहे. पण खरं सांगून काय होणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. महिनाअखेर पुरवणी चाचणी आहे, त्यात तिला वर काढा. आणि पुढच्या सत्रात पुन्हा चाचणी आहेच, त्याच्या पुढच्या सत्रातही आहे. तिला वेग आला पाहिजे. एवढंच माझ्या हातात आहे."

संध्याकाळी मुंगीची आई आली. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसभर गरम पाण्यात राहून हातांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली, आणि अंगाला औषधी साबणाचा वास. मोडक्या खुर्चीवर ती बेतानेच टेकली. बाई तिला समजावायला लागल्या, तुमची मुलगी मंद नाही, उलट ती विचार करते, तिने जे विचारलं ते पेपर काढणाऱ्यालाही सुचलं नाही. आईने ऐकून घेतलं. कौतुक ऐकताना तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

"बाई, मी एक बोलू?"

"बोला की."

"माझा धाकटा भाऊ गेला होता पुलापलीकडे. तुमच्या मुंगीएवढा होता. गेला तेव्हा वाचायचा, बाई. दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत चालायचा, लाज यायची आम्हाला. तिथे त्याला दिवसभर मणी ओवायला बसवलं. ओवून झाले की तिथल्या बाई येऊन दोरा ओढायच्या, पुन्हा ओवायचे. मोठा झाल्यावर सोडला घरी. आता तिशीला आलाय. दारावरची बेल वाजली की पलंगाखाली जातो. मीच सांभाळते त्याला. आम्ही तिघंच आहोत घरात, मी, तो आणि ही."

आई खुर्चीवरून थोडी पुढे सरकली.

"तिला समजतं, नाही समजत, ते तुम्ही नंतर बघा. नाही समजलं तरी चालेल मला. अख्ख्या जगाला कुठे समजतं? पण तिला इथे राहू द्या. हात जोडते, तिला पास होईल असं काहीतरी शिकवा."

तिने खरंच हात जोडले, आणि बाईंना आपल्या सगळ्या शहाणपणाची, कागदाच्या तुकड्यांची, बटणांच्या डब्याची लाज वाटली. दुसऱ्याच्या पोराच्या जिवावर आपण आपली तत्त्वं मिरवतोय की काय, असं त्यांना वाटून गेलं.

पास होईल असं काय ते बाईंना ठाऊक नव्हतं थोडंच! सगळ्या शाळेत तेच चालायचं. त्यावर बाईंनी आयुष्यभर नाकं मुरडली होती, शिक्षकांच्या खोलीत भांडणं केली होती, ही युक्ती नव्हे, पोरांच्या डोळ्यांवर पट्टी बांधणं आहे, असं ठणकावून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळा स्वच्छ पुसला, कागदाचे तुकडे केराच्या टोपलीत टाकले आणि मुंगीला समोर बसवलं.

"आजपासून आपण वेगळं शिकायचं. उदाहरण पहिल्यापासून वाचायचं नाही. नुसतं शेवटचं वाक्य बघायचं. 'एकूण' दिसलं, 'मिळून' दिसलं, की बेरीज. 'उरले' दिसलं, 'कमी' दिसलं, की वजाबाकी. 'प्रत्येकी' दिसलं तर आकडे बघ. पहिला मोठा असला तर भाग दे, नाहीतर गुणाकार कर. काहीच दिसलं नाही तर बेरीज कर आणि पुढे हो. चौकट कोरी ठेवायची नाही. काय?"

मुंगीने मान हलवली. मग विचारलं, "आणि काय झालं ते कधी सांगायचं?"

"ते सांगायचं नाही."

"मनातसुद्धा?"

"मनातसुद्धा नाही."

बाईंनी बसचं तेच उदाहरण फळ्यावर लिहिलं. मुंगीने सवयीने डोळे मिटले. बाईंनी टेबलावर डस्टर आपटलं, खडूची पांढरी धूळ उडाली. "डोळे उघड! शेवटचं वाक्य काय आहे?"

"आता बसमध्ये एकूण किती..." मुंगी थांबली. "बाई, पण ती बस आली कुठून? आधीच्या थांब्यावर कोणी चढलं असेल ना?"

"कोणी चढलं नाही."

"तुम्ही पाहिलं?"

"मुंगे, उत्तर लिही!"

बाई ओरडल्या. या खोलीत त्या पहिल्यांदा ओरडल्या. मुंगी इतकी दचकली की पेन्सिल खाली पडली आणि मोडक्या खुर्च्यांच्या खाली घरंगळत गेली. वाकून तिने ती शोधली, परत येऊन बसली आणि वहीतल्या चौकटीत तेवीस लिहिलं. अक्षर थरथरलेलं होतं, पण चौकटीच्या आत होतं. बाई म्हणाल्या, "शाब्बास."

त्यानंतर मुंगीने फार त्रास दिला नाही. दोन-चार दिवस ती मधेच अडायची, पेन्सिल चावायची, बाईंकडे बघायची, मग आपली आपणच पुढे व्हायची. आठवड्यात तिचं अडणं बंद झालं. बाई उदाहरण लिहून खडू खाली ठेवेपर्यंत हिचं उत्तर तयार असायचं. पोरं पटकन शिकतात, चांगलं काय आणि वाईट काय. कधी उत्तर चुकायचंही, पण दहातली सात-आठ बरोबर यायची. पेपर काढणारेही त्याच युक्तीने पेपर काढतात, मग न येऊन सांगतात कुणाला!

पुरवणी चाचणीत मुंगी रेषेच्या बऱ्याच वर गेली. हेडसर स्वतः जिन्याखाली आले. "बघा! जमतं की तुम्हालाही," ते म्हणाले, आणि पुढच्या सत्रापासून सगळ्याच मुलांना या पद्धतीने शिकवा, असं सांगून गेले. मुंगीची आई आली. या वेळी ती खुर्चीवर बसलीच नाही. उभ्या उभ्या बाईंचे हात हातात धरून रडली. "तुमचे उपकार फेडायचे कसे, बाई?" बाईंनाही रडू आलं. आईला वाटलं, आनंदाने. तसं वाटू दिलं बाईंनी.

नवं सत्र लागलं. चाचणी अजून लांब होती. बाईंनी मनाशी बेत केला होता, पोरगी वाचली, आता तिचं तिला परत द्यायचं. मधल्या दिवसांत नीट शिकवू, चाचणी जवळ आली की पुन्हा युक्ती. दोन्ही डगरींवर हात ठेवू. त्यांनी पुन्हा कागदाचे तुकडे कापले, आकड्यांवर चिकटवले. मुंगी उठली आणि ते तिने भराभर काढून टाकले.

"अगं, झाकलेले राहू दे ना. काय झालं ते सांग आधी."

"त्याने वेळ जातो, बाई."

बाईंनी फुगेवाला आणला. मुंगीने शेवटचं वाक्य बघितलं, ओळखीचा शब्द दिसला नाही, आणि आकडे मिळवले. बाईंनी लिंबं आणली. मिळवली. बाईंनी डोळे मिटायला सांगितले. मुंगीने आज्ञाधारकपणे मिटले, थोड्या वेळाने उघडले, आणि म्हणाली, "आता लिहू?"

असे बरेच दिवस गेले. बाई हट्टाला पेटल्या होत्या. शेवटी एका संध्याकाळी त्यांना वाटलं, लिंबं-फुगे मरोत, तिला तिच्या स्वतःच्या घरात नेऊन उभं करावं. स्वतःच्या घरात तर कोणी हरवत नाही. त्यांनी फळ्यावर ठळक अक्षरात लिहिलं, 'मुंगी, तिची आई आणि मामा एका घरात राहतात. त्या घराला २ दारे आणि ३ खिडक्या आहेत. घरात एकूण किती माणसे आहेत?'

मुंगीने फळ्यापाशी जाऊन खालच्या ओळीवर बोट फिरवलं. बोट 'एकूण'पाशी थांबलं. तिने वर बघून दोन आकडे शोधले, फळ्यावरच खाली चौकट आखली आणि तिच्यात पाच लिहिलं.

बाईंनी तिला आपल्याकडे वळवलं. "मुंगे, तुझ्या घरी कोण कोण असतं?"

"आई, मामा आणि मी."

"म्हणजे किती?"

"तीन."

"मग इथे पाच कसे लिहिलेस, बाळा?"

मुंगीने बाईंकडे पाहिलं. तिच्या नजरेत भीती नव्हती, गोंधळही नव्हता. मंद मुलाला समजावून सांगताना मोठी माणसं जशी थोडा धीर धरतात, तसा धीर धरून ती म्हणाली, "घरी तीनच आहोत, बाई. पण उदाहरणात पाच येतात."

बाईंनी फळ्यावरचं पाच पुसायला डस्टर उचललं. पुसून काय सांगायचं तेही ओठांवर आलं होतं, की नाही गं, उदाहरणातही तीनच, ही तुझीच माणसं आहेत, बघ त्यांच्याकडे. आणि पोरीने खरंच बघितलं तर? पुन्हा डोळे मिटून बसली तर? पुढच्या चाचणीत एखाद्या बसपाशी अडली, आणि कोऱ्या चौकटी घेऊन पूल ओलांडून गेली तर? दोन्ही डगरींवर हात ठेवणं मोठ्यांना जमतं. या वयाच्या पोरीच्या डोक्यात एकच काहीतरी राहतं, आणि कोणतं राहायला हवं ते बाईंनी ओरडून, डस्टर आपटून तिला सांगितलं होतं.

दारात मुंगीची आई येऊन उभी होती. लेकीला न्यायला आली होती. तिला वाचायला फारसं येत नव्हतं. फळ्यावर आपलं घर लिहिलंय हे तिला कळलं नाही. पण लेकीने झटकन उत्तर लिहिलेलं तिने पाहिलं होतं, आणि ती हसत होती.

"बरोबर आहे ना, बाई?" आईने विचारलं.

मुंगीही वाट बघत होती. बाईंनी डस्टर खाली ठेवलं, खडू घेतला आणि पाचाशेजारी बरोबरची खूण केली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

मुंगीने पाटी-दप्तर आवरलं आणि आईचं बोट धरून ती घरी गेली. बाई कितीतरी वेळ त्या खूण केलेल्या उदाहरणासमोर बसून राहिल्या. उद्या याच खोलीत आणखी मुलं यायची होती, आणि त्यांनाही हेच शिकवायचं होतं.